टीव्हीमागचा डबा कोणाचं ऐकतो? राउटरमधली कमांड इंजेक्शनची फट आणि तिचा बंदोबस्त

पुण्यात कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या काकांनी मागच्या रविवारी मला वर बोलावलं. तक्रार एवढीच की संध्याकाळ झाली की नेट रांगायला लागतं. राउटर टीव्हीच्या मागे होता. धूळ बसू नये म्हणून काकूंनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता आणि दोन अँटेना रुमालाच्या भोकांतून बाहेर काढल्या होत्या. रुमाल काढून डबा उचलला, तर चांगलाच तापलेला. खालच्या स्टिकरचा फोटो काढत होतो तेव्हा काका म्हणाले, “पासवर्ड अगदी पक्का आहे हं. नातवाची जन्मतारीख आणि आमचं कुलदैवत, दोन्ही जोडून.”

वायफायचा पासवर्ड खरंच पक्का होता. पण डब्यातलं सॉफ्टवेअर पाच वर्षांपूर्वीचं, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून इंटरनेटवरून सेटिंग बदलायची सोय) चालू, आणि सेटिंगच्या पानावर शिरायचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’. वायफायचा पासवर्ड फक्त घरातल्या नेटवर्कला कोण जोडला जाईल ते ठरवतो. आज ज्या फटीबद्दल लिहितोय तिला त्या पासवर्डशी काही देणंघेणं नाही, कारण ती राउटर बनवणाऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये असते.

फट असते कशी

राउटर हा छोटा संगणकच. घरगुती राउटरांपैकी बहुतेकांच्या पोटात लिनक्स चालतं. ब्राउझरमध्ये सेटिंगचं जे पान उघडतं, ते त्यातलाच एक प्रोग्रॅम दाखवतो. त्या पानांत ‘डायग्नोस्टिक्स’ नावाचं एक पान असतं आणि त्यात पिंगचा रकाना असतो. आपण पत्ता लिहायचा, बटण दाबायचं, मग राउटर त्या पत्त्यापर्यंत पोचता येतंय का ते बघून सांगतो. आळशी प्रोग्रॅमर इथे काय करतो? ‘पिंग’ या शब्दापुढे आपण लिहिलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवतो आणि ती अख्खी ओळ लिनक्सच्या शेलच्या, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हातात देतो.

पिंग ८.८.८.८

इथवर ठीक आहे. पण शेलच्या भाषेत अर्धविरामाचा अर्थ ‘ही आज्ञा संपली, पुढची घे’ असा होतो. मग कोणी रकान्यात पत्त्यापुढे अर्धविराम देऊन आणखी काही लिहिलं, तर ओळ अशी होते:

पिंग ८.८.८.८; दुसरी आज्ञा

आणि शेल दोन्ही पाळतं. हेच कमांड इंजेक्शन, म्हणजे माहितीच्या रकान्यातून आज्ञा घुसवणं. वाण्याकडे चिठ्ठी पाठवावी, ‘साखर’ या शब्दापुढे किती किलो ते लिहायला जागा सोडावी आणि कोणी तिथे लिहावं, “दोन किलो, आणि गल्ल्याची किल्ली या पोराकडे द्या.” शहाणा वाणी फोन करून विचारेल. शेल विचारत नाही. त्यात भर म्हणजे घरगुती राउटरमध्ये हे सेटिंगचं पान बहुतेक वेळा ‘रूट’च्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालतं. म्हणजे गल्ल्याबरोबर तिजोरीही गेली.

पिंगचं उदाहरण मी सोयीसाठी घेतलेलं नाही. २०१८ मध्ये दासान कंपनीच्या फायबरवर चालणाऱ्या घरगुती राउटरांत अगदी हेच निघालं. पिंगच्या पानावरचा पत्त्याचा रकाना आज्ञा गिळत होता. शिवाय दुसरी एक चूक अशी होती की वेबपत्त्याच्या शेवटी एक ठरावीक तुकडा जोडला की लॉगिन विचारलंच जायचं नाही. दोन्ही जोडल्या की झालं. बॉटनेट, म्हणजे दुरून कबजा केलेल्या यंत्रांची फौज, चालवणाऱ्यांनी काही दिवसांतच त्यावर झडप घातली.

अलीकडचं आणि जास्त बोलकं उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचा आर्चर एएक्स२१. डिसेंबर २०२२ मध्ये टोरांटोत झालेल्या पोन-टू-ओन या हॅकिंग स्पर्धेत तो फोडला गेला. फट कुठे होती, तर भाषा आणि देश निवडायच्या सेटिंगमध्ये. ‘देश’ या रकान्यात देशाच्या नावाऐवजी आज्ञा घालता येत होती, आणि त्यासाठी लॉगिनची गरज नव्हती. सुरक्षेतल्या फटींच्या जागतिक यादीत तिची नोंद सीव्हीई-२०२३-१३८९ या क्रमांकाने झाली. १.१.४ बिल्ड २०२३०२१९ या फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीने ती बुजवली. तरी एप्रिल २०२३ मध्ये मिराई बॉटनेट हीच फट वापरताना दिसलं, आणि २०२५ मध्ये बॅलिस्टा नावाचं नवं बॉटनेटही याच वाटेने शिरत होतं. औषध निघून दोन वर्षं झाली तरी लोकांच्या घरात जुनंच फर्मवेअर. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे.

आधी डबा कोणाचा ते ठरवा

पुण्यात हल्ली दोन तऱ्हा दिसतात. काही घरांत फायबरवाल्याने दिलेला एकच डबा असतो. त्यातच फायबर शिरते आणि तोच वायफायही देतो. काही घरांत फायबरचा छोटा डबा वेगळा आणि आपण विकत आणलेला राउटर वेगळा. पहिल्या तऱ्हेत डबा बहुधा कंपनीच्या मालकीचा असतो आणि त्याचं फर्मवेअर कंपनीच दुरून बदलते. तिथे आपल्या हातात थोडंच राहतं, त्याबद्दल पुढे लिहितो. दुसऱ्या तऱ्हेत आपल्या राउटरची जबाबदारी पूर्ण आपली.

डबा उलटा करा आणि स्टिकरचा फोटो घ्या. तीन गोष्टी हव्यात: मॉडेल नंबर, हार्डवेअर आवृत्ती आणि सिरियल नंबर. हार्डवेअर आवृत्तीकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. एकाच नावाच्या मॉडेलच्या दोन-तीन आवृत्त्या बाजारात असतात आणि आतली चिप वेगळी असू शकते. एकाचं फर्मवेअर दुसऱ्यात घातलं की डब्याचा पेपरवेट होतो. मी स्वतः एकदा असा एक पेपरवेट तयार केला आहे, आणि तो आपला नव्हता हे जास्त वाईट.

आत शिरा, पण आधी दोन कागद हाताशी ठेवा

पहिला कागद पीपीपीओईचा. पुण्यातल्या बऱ्याच स्थानिक इंटरनेटवाल्यांकडे जोडणी युजरनेम आणि पासवर्डवर चालते आणि ते राउटरमध्ये भरलेले असतात. पासवर्ड पडद्यावर नुसते ठिपके दिसतो. राउटर रीसेट केला आणि हे हाताशी नसलं, की तंत्रज्ञ येईपर्यंत घर नेटविना. म्हणून आधी फोन करून दोन्ही मागून घ्या. व्हीलॅन नावाचा एखादा आकडा लागतो का, तेही विचारा. दुसऱ्या कागदावर सध्याचं वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहून ठेवा. नंतर तेच परत दिले की घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे आपोआप जोडले जातात आणि शिव्या खाव्या लागत नाहीत.

आता लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. फोनवरूनही जमतं, पण अपडेट करताना वायफाय मधेच तुटतं. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता इंग्रजी अंकांत टाइप करा. दोन्ही चालले नाहीत तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडा. तिथे ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या नावापुढे असेल तोच पत्ता.

लॉगिन ‘अ‍ॅडमिन’, ‘अ‍ॅडमिन’ ने झालं, तर आधी तो पासवर्ड बदला आणि मगच पुढे जा. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो मोडेमना मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, गाठलं होतं तेव्हा मूळ पासवर्ड तसाच ठेवल्याचाच फटका बसला होता. कमांड इंजेक्शनच्या कित्येक फटी लॉगिन झाल्यावरच वापरता येतात. अशा ठिकाणी चांगला अ‍ॅडमिन पासवर्ड वाट अडवतो. पण एएक्स२१ सारख्या फटीपुढे तो कुचकामी, हे लक्षात असू द्या.

फर्मवेअर: खरं काम इथे आहे

‘सिस्टम टूल्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ किंवा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ यांपैकी कुठेतरी ‘फर्मवेअर अपग्रेड’ सापडेल. तिथे सध्याची आवृत्ती आणि बिल्डची तारीख दिसते. ती लिहून घ्या. मग कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन आपलं मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती निवडा, आणि शेवटचं फर्मवेअर कोणतं ते बघा. राउटरमधल्या ‘अपडेट तपासा’ या बटणावर एकट्यावर विसंबू नका. ‘तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे’ असं ते बेधडक सांगतं आणि संकेतस्थळावर नवीन फाइल महिनाभर पडलेली असते, असं मी पाहिलंय.

संकेतस्थळावर तीनपैकी एक उत्तर मिळेल. नवीन आवृत्ती आहे, तर ती घाला. आहे तीच शेवटची आहे आणि ती अलीकडची आहे, तर छान. आणि तिसरं, पानावर ‘एंड ऑफ लाइफ’ किंवा ‘एंड ऑफ सपोर्ट’ असं लिहिलेलं असेल, तर त्या डब्यासाठी यापुढे औषध येणार नाही. नवी फट सापडली तरी ती उघडीच राहणार. काकांच्या राउटरचं हेच निघालं. अशा वेळी सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नसतो. नवा राउटर घ्यायचा. दिवे, अँटेना सगळं शाबूत असताना चालता डबा टाकायचा ही गोष्ट आपल्याकडे पचनी पडत नाही, मला माहीत आहे.

फर्मवेअर घालताना घाई नको. फाइल फक्त कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. झिप असेल तर उघडून आतली फाइल वापरा. सेटिंगचा बॅकअप घ्या. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम, नसेल तर निदान महावितरणचा देखभालीचा गुरुवार टाळा, कारण फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर डबा बसतो. बटण दाबल्यावर पाच-सात मिनिटं कशालाही हात लावू नका. दिवे विझतील, पेटतील, लुकलुकतील. परत लॉगिन करा आणि आवृत्तीचा आकडा खरंच बदलला का ते डोळ्यांनी बघा. ‘स्वयंचलित अपडेट’ असा पर्याय असेल तर चालू करा आणि वेळ पहाटेची द्या.

दारं-खिडक्या

फर्मवेअर झाल्यावर बाहेरच्या जगाला राउटर किती दिसतो ते बघायचं. ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा ‘वॅनकडून प्रवेश’ (वॅन म्हणजे बाहेरची जोडणी) बंद. टेलनेट आणि एसएसएच (दुरून आज्ञा द्यायच्या वाटा) दिसले तर बंद. ‘डीएमझेड’ (घरातलं एखादं यंत्र बाहेरच्या जगाला उघडं टाकणारी सोय) बंद. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’च्या, म्हणजे बाहेरून आतल्या यंत्रापर्यंत उघडलेल्या वाटांच्या, यादीत काय आहे ते वाचा. कधीकाळी सीसीटीव्हीवाल्याने मोबाइलवर कॅमेरा दिसावा म्हणून उघडलेलं पोर्ट हमखास तिथे सापडतं. डीव्हीआर कधीच भंगारात गेला, पोर्ट मात्र उघडंच. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने वायफायला जोडायची सोय) बंद करा. यूपीएनपी (घरातल्या यंत्रांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद केल्यावर एखादा खेळ किंवा कॅमेरा कुरकुर करू शकतो. तसं झालं तर मग बघू. आधी बंद.

इथे एक तपासणी करण्यासारखी आहे. राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर वॅन आयपी बघा आणि मग सर्च इंजिनमध्ये ‘माझा आयपी पत्ता’ शोधा. दोन्ही सारखे असतील तर तुमचा राउटर थेट रस्त्यावर उभा आहे. वेगळे असतील आणि राउटरचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर इंटरनेटवाल्याने बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. बाहेरून सरसकट दारं ठोठावत फिरणारे बॉट मग थेट तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

पण त्यावर निवांत बसू नका. डिसेंबर २०१६ मध्ये नेटगिअरच्या आर७००० आणि काही भावंडांत अशी फट निघाली की वेबपत्त्यातच आज्ञा लिहिली की राउटर ती चालवायचा. घरातल्या कोणाला एखाद्या फसव्या पानावर नेलं की पुरे. मग तुमचाच ब्राउझर, घराच्या आतून, राउटरला ती आज्ञा पोचवणार. अमेरिकेतल्या सायबर सुरक्षेच्या सर्ट समन्वय केंद्राने तेव्हा सरळ सांगितलं होतं की दुरुस्ती येईपर्यंत शक्य असेल तर हे राउटर वापरूच नका. म्हणून सेटिंगचं काम झालं की न विसरता लॉगआउट करायचं, आणि स्मार्ट बल्ब, टीव्ही, पाहुण्यांचे फोन यांना ‘गेस्ट नेटवर्क’वर टाकायचं. गेस्ट नेटवर्कवरून बहुतेक राउटरांचं सेटिंगचं पान उघडत नाही. जोडून बघा, उघडलंच तर त्याचा पर्याय शोधून बंद करा.

संसर्ग झालाय असं वाटलं तर

नेट रांगणं हा पुरावा नव्हे. काकांचं नेट रांगत होतं ते मुख्यतः रुमालामुळे. संशय घ्यावा अशा गोष्टी वेगळ्या: अ‍ॅडमिन पासवर्ड अचानक चालेनासा होणं, आपण न केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग, बंद केलेलं रिमोट मॅनेजमेंट परत चालू दिसणं, डीएनएसच्या (नावावरून संकेतस्थळाचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) रकान्यात अनोळखी पत्ते. डीएनएस विशेष बघा, कारण तो बदलला की बँकेचं नाव टाइप केल्यावर कोणाचं पान उघडायचं हे दुसराच ठरवतो. इंटरनेटवाल्याला त्याचे डीएनएस पत्ते विचारा आणि ताडून बघा.

उपायाचा क्रम महत्त्वाचा. मिराईसारखं मालवेअर राउटरच्या मेमरीत राहतं, त्यामुळे बंद-चालू केलं की जातं. पण फट तशीच असेल तर काही मिनिटांत परत येतं. सगळंच असं जात नाही. २०१८ मधल्या व्हीपीएनफिल्टरचा पहिला टप्पा बंद-चालू करूनही टिकून राहायचा. म्हणून: नव्या फर्मवेअरची फाइल आधी मोबाइल डेटावरून लॅपटॉपवर उतरवा. राउटरची बाहेरची केबल काढा. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट दाबून धरा, साधारण दहा सेकंद. केबल काढलेलीच ठेवून फर्मवेअर घाला. नवा अ‍ॅडमिन पासवर्ड द्या, दारं बंद करा, पीपीपीओई भरा, आणि मग बाहेरची केबल जोडा. जुना बॅकअप परत चढवू नका, त्यात डीएनएसची भेसळही परत येईल. सगळं हातानेच भरा.

सर्ट-इनचं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं, सायबर स्वच्छता केंद्र बॉटनेटमध्ये सापडलेल्या जोडण्यांची माहिती इंटरनेट कंपन्यांमार्फत ग्राहकांपर्यंत पोचवतं आणि संगणक-मोबाइल साफ करायची साधनं फुकट देतं. असा निरोप आला तर गंभीरपणे घ्या, पण त्यातल्या दुव्यावर टिचकी मारू नका. केंद्राचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा. पैसे गेले असतील तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

डबा कंपनीचा असेल तर

फोन करा आणि गोल गोल बोलू नका. मी असं विचारतो: “आमच्याकडे अमुक मॉडेल आहे, फर्मवेअर अमुक तारखेचं आहे. याहून नवीन आहे का? तुम्ही दुरून घालाल की माणूस पाठवाल? हे मॉडेल अजून सपोर्टमध्ये आहे का? नसेल तर बदलून द्या.” पहिला माणूस “बंद करून चालू करा” म्हणेल. तक्रार क्रमांक घ्या आणि हेच ईमेलवर लिहा. लेखी मागितलं की डबा बदलून मिळण्याची शक्यता बरीच वाढते, निदान माझा तरी अनुभव तसा.

कंपनीच्या दुरून-नियंत्रणाच्या वाटेवरही धोका असतोच. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली. हल्ल्याचा रोख ७५४७ या पोर्टवर होता, आणि आज्ञा लपवली होती ती राउटरला वेळ सांगणाऱ्या सर्व्हरच्या नावात. तिथले राउटर त्या फटीला बळी पडणारे नव्हतेच, नुसत्या माऱ्यानेच बसले. हे पोर्ट ग्राहकाला बहुधा बंद करता येत नाही. ते फक्त कंपनीच्याच सर्व्हरला उघडं आहे का, एवढं विचारता येतं. दुसरा मार्ग म्हणजे कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करून मागे आपला अद्ययावत राउटर लावायचा आणि घरातलं सगळं त्याच्यावर घ्यायचं.

हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांत बसून असली पानं लिहिणारेही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात: बाहेरून आलेला मजकूर शेलच्या ओळीत चिकटवू नका. प्रोग्रॅम थेट चालवा आणि मजकूर त्याला वेगळा आर्ग्युमेंट म्हणून द्या. पत्त्याच्या रकान्यात पत्ताच आहे ना, हे सर्व्हरच्या बाजूला तपासा, ब्राउझरमधल्या तपासणीचा इथे काही उपयोग नाही. आणि वेबचा प्रोग्रॅम रूटच्या नावाने चालवू नका. अर्धविराम गाळून टाकणं हा उपाय अर्धवट आहे, कारण शेलला आज्ञा जोडायच्या आणखी बऱ्याच खुणा कळतात.

उत्सुकता म्हणून शेजाऱ्याच्या किंवा सोसायटीच्या राउटरवर हे करून बघायचा मोह होईल. परवानगीशिवाय ते करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःच्या राउटरवरही गरज नाही. आवृत्ती ताडून बघितली की उत्तर मिळतं.

नवा घेताना दुकानात अँटेना मोजू नका. काकांना घेऊन मी तपकीर गल्लीत गेलो तेव्हा दुकानदाराने आधी सहा अँटेनांचा एक डबा पुढे केला. मी मॉडेल नंबर फोनवर टाकून कंपनीचं पान उघडलं: शेवटचं फर्मवेअर तीन वर्षांपूर्वीचं. जुना माल, म्हणून स्वस्त. दुसरा घेतला, अँटेना चारच, पण फर्मवेअर दोन महिन्यांपूर्वीचं आणि स्वयंचलित अपडेट आहे. खोक्यावरची हार्डवेअर आवृत्ती आणि पानावरची आवृत्ती पैसे देण्याआधी जुळवली.

घरी आल्यावर काका म्हणाले, “जुना भाच्याला देऊ साताऱ्याला, चालू आहे की.” बराच वेळ समजावल्यावर तो रीसेट करून ई-कचऱ्याच्या पिशवीत गेला. तोवर काकू नव्या डब्याचं माप घेऊन बसल्या होत्या. क्रोशाचा रुमाल खाली घाला म्हटलं, वरची जाळी उघडी राहू द्या.